शिडीला हात लावला की मुंग्या येतात, त्या जेटीवर लाइट घ्यायची कशी?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

ताई नमस्कार. आम्ही मूळचे जावळी तालुक्यातले, आता साताऱ्यात राहतो. बामणोलीच्या वरच्या अंगाला आमची मालकीची जमीन आहे, तिथं घर बांधलंय, खाली कोयनेचं बॅकवॉटर. परवानगी काढून ड्रमवर तरंगणारी छोटी जेटी केलीय, लोखंडी फ्रेम आणि वर फळ्या, एक फायबरची बोट आहे. आता जेटीवर चार दिवे, एक प्लग पॉइंट (बोटीची बॅटरी चार्ज करायला आणि प्रेशर वॉशरला) आणि पाणी उचलायला पाण्यातली मोटार, एवढं करायचंय. पाणी भरलेलं असताना घरापासून जेटी साधारण 70 मीटर. गावातला वायरमन म्हणतो पेटीतून दोन कोरची वायर ओढू, अर्थिंगची तार सरळ पाण्यात सोडू, पाण्यासारखं अर्थिंग नाही, आणि आरसीसीबी (करंट बाहेर पळाला की लाइन तोडणारा स्विच) नको, पावसाळ्यात सारखा पडतो. सगळं मिळून 18 हजार सांगतोय. करू का? ता. क. मागच्या मे महिन्यात मुलगी पोहून शिडीवरून वर येत होती तेव्हा हाताला मुंग्या आल्या म्हणाली. जेटीवर तेव्हा मोटारीची तात्पुरती वायर टाकलेली होती. त्याचा काही संबंध असेल का?

दादा, तुम्ही जे ता. क. म्हणून शेवटी टाकलंय तिथूनच मी सुरुवात करते, दिवे आणि प्लग नंतर बघू.

तुमच्या मुलीला त्या दिवशी शॉक बसला होता. थंड पाण्यानं हात बधीर झाला, शिडीचा गंज टोचला, पोरांना काहीही वाटतं, असलं काही मनात आणू नका. मोटारीच्या वायरमधून नाहीतर मोटारीतूनच करंट जेटीच्या फ्रेमवर उतरला होता, फ्रेमला शिडी जोडलेली, शिडी पाण्यात, आणि ओल्या हातानं पोरीनं ती धरली. ती वाचली कारण त्या दिवशी उतरलेला करंट थोडा होता, दुसरं काही कारण नाही. म्हणून हे वाचून झाल्यावर पहिलं काम हे करा की ती तात्पुरती वायर अजून तिथं असेल तर घराकडून बंद करून, पिना काढून, गुंडाळून आणा, आणि जेटीचं काम व्यवस्थित होईपर्यंत तिथं 230 व्होल्टची एकही वायर नको, अगदी एका संध्याकाळसाठी पण नको, पाहुणे आलेत म्हणून पण नको.

मी एवढं ठासून का सांगते ते ऐका. माझं माहेर कृष्णाकाठचं, कराडच्या खालच्या अंगाला. मी आठवीत होते, नदीवर आमच्या भावकीतली एक मोटार होती, काठावर पेटी आणि तिथून लोखंडी पाइप खाली पाण्यात गेलेला. धुणं धुवायला जाणाऱ्या बायका पंधरा दिवस सांगत होत्या की पाइपला हात लागला की झिणझिण्या येतात, आणि पुरुष माणसं टेस्टर लावून बघायची, टेस्टर पेटायचा नाही, मग म्हणायची काय नाय, उगं मनाचं असतंय. एका सकाळी चुलत्यांची म्हैस पाण्यात उतरली, गुडघ्याएवढ्या पाण्यात गेली, थांबली, पुढचा एक पाय उचलला आणि तशीच आडवी झाली, हंबरली पण नाही. मागून राखणीचं पोरगं तिला उठवायला पाण्यात निघालं तसं माझ्या चुलतीनं त्याचा शर्ट मागून गच्च धरला, शर्ट फाटला पण सोडला नाही. चुलते पेटीकडं पळाले, किटकॅट (पेटीतलं फ्यूज) ओढलं. नंतर बघितलं तर बाभळीखाली केबलला जोड दिला होता, त्याच्यावरची टेप उन्हानं सुटलेली आणि उघडी तार पाइपला घासत होती. एवढंच. आज मी पोरांना वायरमन ट्रेड शिकवते, आणि दर वर्षी पहिल्या आठवड्यात हीच गोष्ट सांगते, कारण त्या बायकांचं कुणी ऐकलं असतं तर ती म्हैस मेली नसती, आणि ते पोरगं तर अगदी एका शर्टाच्या अंतरानं वाचलं.

टेस्टर का पेटला नाही हे तुम्हाला कळायला पायजे कारण तुमचा वायरमन पण खिशातून टेस्टरच काढणार. त्या टेस्टरमधला निऑनचा दिवा साधारण 60 ते 90 व्होल्टच्या खाली पेटतच नाही. कोरड्या जमिनीवर चप्पल घालून उभ्या असलेल्या माणसाला 40-50 व्होल्ट जाणवणार पण नाहीत कदाचित, पण भिजलेल्या, छातीपर्यंत पाण्यात असलेल्या माणसाला तेवढे जीव घ्यायला पुरतात. तेव्हा टेस्टर पेटला नाही म्हणजे पाण्यात करंट नाही असं कुणी म्हणालं तर त्याच्यावर विसंबू नका.

आणि किती करंट लागतो बघा. 1 मिलीअँपिअरला झिणझिण्या जाणवतात. 10 ते 15 च्या आसपास गेलं की स्नायू आवळतात, धरलेली शिडी सोडता येत नाही, हातपाय मारता येत नाहीत. 30 च्या आसपास श्वास अडकायला लागतो, 100 च्या आसपास हृदयाचा ठोका बिघडू शकतो. घरातला 9 वॅटचा एलईडी बल्ब साधारण 40 मिलीअँपिअर घेतो, म्हणजे एक बल्ब लागायला जेवढा करंट लागतो त्याच्या निम्म्यापेक्षा कमी करंटमध्ये चांगला पोहणारा माणूस पाण्यात लुळा पडतो. तो ओरडत नाही, हात वर करत नाही, गप खाली जातो, आणि बाकीच्यांना वाटतं बुडाला. अंगावर भाजल्याची खूण पण बऱ्याचदा राहत नाही.

कोयनेचं पाणी गोडं आहे हे इथं उलट वाईट आहे. लोकांना वाटतं समुद्राचं खारं पाणी वीज जास्त वाहून नेतं म्हणजे तिथं धोका जास्त, पण खारं पाणी माणसाच्या शरीरापेक्षा कितीतरी चांगलं वाहक असतं म्हणून करंट माणसाला वळसा घालून पाण्यातूनच निघून जातो. गोड्या पाण्यात, त्यातून कोयनेसारख्या सगळ्या पावसाच्या पाण्यात, क्षार अगदी कमी, आणि आपलं रक्त खारट, म्हणून करंटला पाण्यापेक्षा माणूस सोपा रस्ता वाटतो.

आता वायरमनच्या तिन्ही गोष्टी घेते. आधी एक सांगते, तो माणूस वाईट नाही, तुम्हाला फसवत पण नाही, शेतातल्या मोटारी जशा जोडल्या जातात तसंच तो सांगतोय आणि शेतात बहुतेक दिवस ते चालून पण जातं. त्याला चारचौघांत तोडून बोलू नका, हे वाचायला द्या पायजे तर.

पहिली गोष्ट, अर्थिंगची तार पाण्यात सोडायची. नको, कधीच नको. अर्थिंगचं काम काय, कुठं लीकेज झालं तर तो करंट सुरक्षित जागी जमिनीत न्यायचा. तुम्ही ती तार पाण्यात सोडली म्हणजे जेटीवर किंवा घरातल्या गिझरमध्ये जरी लीकेज झालं तरी तो करंट नेमका पोरं पोहतात तिथंच आणून सोडला जाणार. अर्थिंग काठावर, पाण्यापासून लांब, वरच्या अंगाला, आणि जेटीच्या लाइनसाठी वेगळं घ्या. पाण्यासारखं अर्थिंग नाही हे वाक्य तसंही खरं नाही, एवढ्या मऊ पाण्यात अर्थिंगचा रेझिस्टन्स चांगला येतच नाही.

याच्यापुढचा एक प्रकार मी आपल्या भागात डोळ्यांनी पाहिलाय तोही सांगून ठेवते, न्यूट्रल (करंट परत आणणारी तार) गेला किंवा वायर वाचवायची म्हणून एकच फेज (करंट नेणारी तार) न्यायचा आणि न्यूट्रलच्या जागी जमिनीत सळई ठोकायची. दिवा लागतो, म्हणून माणसं खूश. पण त्यात दिव्याचा सगळा करंट कायम जमिनीतून वाहत असतो, बिघाड न होताच. पाण्याकाठी हे करणं म्हणजे मुद्दाम पाण्यात लाइन सोडणं. तुमच्या तात्पुरत्या वायरचं असं काही केलं होतं का तेवढं विचारून घ्या.

दुसरी, दोन कोरची वायर, म्हणजे आत अर्थिंगची तारच नाही, आणि पेटीतलं नेहमीचं फ्यूज किंवा एमसीबी (करंट फार वाढला की आपोआप पडणारा स्विच). बहुतेकांना वाटतं की लीकेज झालं की एमसीबी पडेल. पडत नाही हो. हिशोब करून बघा, तुमच्याकडं वर जांभा खाली कातळ, तिथं अर्थिंगचा रेझिस्टन्स 50 ओहम आला तरी नवल नाही, उन्हाळ्यात खड्डा सुकला की त्याहून जास्त. 230 भागिले 50 म्हणजे 4.6 अँपिअर. एमसीबी 16 अँपिअरचा. त्याला वाटतं एखादी इस्त्री चालू आहे. तो तसाच आरामात उभा राहतो, आणि तिकडं जेटीची अख्खी फ्रेम जिवंत. अर्थिंग 20 ओहम इतकं चांगलं काढलं तरी 11.5 अँपिअरच येतात, तरी पडणार नाही. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो, माणसासाठी नसतो.

माणसासाठी असतो तो आरसीसीबी, म्हणजे वायरमनची तिसरी गोष्ट, जो त्याला नकोय. हा काय करतो, फेजमधून गेलेला करंट आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट सारखा आहे का एवढंच बघत बसतो, 30 मिलीअँपिअरचा फरक पडला की क्षणात दोन्ही तारा तोडतो. म्हणजे कुठंतरी करंट बाहेर पळाला, पाण्यात किंवा माणसात, की लाइन बंद. आणि पावसाळ्यात तो सारखा पडतो ही त्याची खोड नाही, तो तुम्हाला सांगतोय की कुठंतरी ओल गेलीय. माझा अनुभव असा की सारख्या पडणाऱ्या आरसीसीबीमागं बहुतेक वेळा दोन कारणं सापडतात, एक तर बाहेरचा टेप मारलेला जोड किंवा बाथरूमचा-गॅलरीचा बोर्ड भिजतोय, नाहीतर वायरिंग करताना दोन लाइनींचे न्यूट्रल एकत्र केलेत, म्हणजे करंट जातो एकीकडून आणि येतो दुसरीकडून, मग बिचारा पडणारच. न्यूट्रल वेगळे केले, भिजलेला जोड काढला की गप्प बसतो. तो पडतो म्हणून त्याला बायपास करून डायरेक्ट करायचं, हे मी ज्या ज्या घरात पाहिलं तिथं मी काम सोडून आधी ते काढायला लावलंय.

घेताना नीट बघून घ्या. त्याच्यावर 30 एमए किंवा 0.03 ए छापलेलं पायजे, 100 आणि 300 वाले पण मिळतात, ते मुख्यतः आगीपासून संरक्षणासाठी, माणसाला वाचवायला ते पुरत नाहीत. आयएस 12640 चा मार्क बघा. दिसायला एमसीबीसारखाच असतो पण त्याला टेस्टचं छोटं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबायचं, दाबल्यावर पडला पायजे. मात्र टेस्ट बटणानं पडला म्हणजे अर्थिंग पण चांगलं आहे असा अर्थ होत नाही, ते बटण फक्त आतली यंत्रणा तपासतं, अर्थिंग अर्थ टेस्टर लावून वेगळं मोजून घ्यावं लागतं. आणि हा घराला पण लावा, जेटीचं राहू दे बाजूला.

आता मूळ प्रश्न, जेटीवर लाइट कशी घ्यायची. माझं मत स्पष्ट आहे दादा, घरापासून जेटीपर्यंत वायर ओढायचीच नाही.

हे फक्त भीतीपोटी सांगत नाही, तुमची जागाच तशी आहे. 105 टीएमसीचं धरण आहे ते, सप्टेंबरात पाणी तुमच्या बांधाला लागतं आणि तिथून वीजनिर्मितीला, सिंचनाला सोडत सोडत मे महिन्यापर्यंत कुठल्या कुठं खाली जातं, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त बघितलंय, बामणोली-तापोळ्याच्या बोटवाल्यांना तर बोट लावायची जागा सारखी बदलावी लागते. तुमची जेटी तरंगती, म्हणजे ती पाण्याबरोबर उतारावरून खाली सरकणार. आज 70 मीटर आहे ते मार्च-एप्रिलमध्ये दीडशे होईल. मग काय होतं, वायर कमी पडली की तुकडा जोडायचा, टेप मारायची. महिन्याभरानं अजून एक तुकडा. मे महिन्यात पोरं सुट्टीला येतात तेव्हा त्या लाइनला चार-पाच जोड झालेले असतात, ओल्या चिखलात पडलेले, त्याच्यावरून गुरं गेलेली. तुमच्या मुलीला जो शॉक बसला तो पण असल्याच कुठल्यातरी जोडातून असू शकतो.

त्यापेक्षा वीज जेटीवरच तयार करा. हिशोब सोपा आहे, चार दिवे 5-5 वॅटचे 12 व्होल्टवर चालणारे, रोज 5 तास लागले तर 20 गुणिले 5, 100 वॅट-तास. 12.8 व्होल्ट 20 अँपिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घेतली तर तिच्यात 256 वॅट-तास असतात, म्हणजे दोन रात्री ऊन नसलं तरी चालतं. 50 वॅटचं एक सोलर पॅनल जेटीच्या खांबावर, दक्षिणेकडं तोंड करून, उघडीप असली की दिवसाला दीडशे वॅट-तासांच्या आसपास देऊन जातं. मध्ये एक छोटा चार्ज कंट्रोलर. सगळी वायर पाच-सहा मीटरची, जेटीच्या आतल्या आत, पाणी वर जाओ खाली जाओ हिला काही फरक पडत नाही. 12 व्होल्टचा दिवा पाण्यात पडला तरी पोरांना काही होणार नाही, फार तर दिवा बाद होईल. मोबाइल चार्जिंगचा यूएसबी पॉइंट पण याच्यावरच निघतो.

दोनच गोष्टी सांभाळा. बॅटरीच्या प्लसला लागूनच फ्यूज पायजे, 12 व्होल्टचा शॉक बसत नाही पण शॉर्ट झालं तर वायर लाल होऊन पेटते, आणि खाली फळ्या आणि शेजारी पेट्रोलची बोट आहे. दुसरं, 12 व्होल्टच्या पॉइंटला घरातला तीन पिनांचा सॉकेट बसवू नका, दिसायला सोपं वाटतं पण कधीतरी कुणीतरी त्यात भलतंच काहीतरी खुपसतं, किंवा उलट 12 व्होल्टची पिन घरातल्या 230 मध्ये. गाडीत असतो तसला गोल सॉकेट लावा. पावसाळ्यात तिकडं आठवडे-आठवडे सूर्य दिसत नाही, तेव्हा जून लागला की बॅटरी काढून घरात आणून ठेवा, तशीही त्या वाऱ्यापावसात जेटीवर कोण बसणार आहे.

कुणी म्हणेल की घरातूनच ट्रान्सफॉर्मर लावून 12 व्होल्ट न्या. 12 व्होल्ट लांब जात नाहीत. 40 वॅटचा लोड धरला तर 3.3 अँपिअर, 70 मीटर अंतराला 4 स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर घेतली तरी जाऊन-येऊन 140 मीटरला साधारण 0.7 ओहम होतात, म्हणजे 2 व्होल्टपेक्षा जास्त वाटेतच गेले, दिवे मिणमिणणार. 24 व्होल्टवर घेतलं तर 1 व्होल्टच्या आसपासच जातो, ते चालतं. पण तसं करायचं असेल तर दोन वेगळ्या वाइंडिंगचा सेफ्टी आयसोलेटिंग ट्रान्सफॉर्मर किंवा तशा दर्जाचा पॉवर सप्लायच पायजे, ऑटोट्रान्सफॉर्मर अजिबात नको, त्यात आतून 230 शी सरळ नातं असतं, आतली तार तुटली की बाहेर 230 येऊ शकतात. मला विचाराल तर पॅनलच बरं.

प्रेशर वॉशर जेटीवर न्यायचंच कशाला, बोट काठाला ओढून घ्या, वॉशर वर घराच्या ओट्यावर ठेवा आणि लांब नळी वापरा. नळी पुरत नसली तर बादली आणि ब्रश, पण वॉशरची वायर पाण्याकडं येता कामा नये.

बोटीची बॅटरी. ती बोटीत ठेवून 230 चा चार्जर बोटीवर न्यायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे, आणि जगभर जेटीवर जे लोक पाण्यात शॉक बसून दगावलेत त्यात बोटीतल्या वायरिंगचा आणि अशा चार्जरचा मोठा हात आहे. चार्जर आतून खराब झाला तर 230 बॅटरीच्या मायनसवर येतात, मायनस इंजिनला जोडलेला, इंजिनचा पंखा पाण्यात, म्हणजे बोटच पाण्यात करंट सोडायला लागते आणि बोटीतल्या माणसाला काही कळत नाही. तेव्हा बॅटरी काढा आणि घरात नेऊन चार्ज करा. 100 अँपिअर-तासाची लेड ॲसिड असेल तर तीसेक किलो भरते, चढावर न्यायला दोघं लागतील, लिथियम घेतली तर साधारण बारा-तेरा किलोत भागतं. किंवा बोटीच्या टपावरच एक छोटं पॅनल लावा, इंजिन स्टार्ट करायच्या बॅटरीला तेवढं पुरतं.

राहिली पाण्यातली मोटार. ती 230 वरच चालणार. काठावर मोनोब्लॉक मोटार ठेवून पाणी खेचायचं म्हटलं तर सहा-सात मीटरच्या खालून उचलत नाही, आणि तुमचं पाणी त्याच्या खाली जातं, म्हणजे पाण्यातलीच लागणार हे मान्य. पण ती जेटीला टांगू नका. तिचं वेगळं ड्रमचं तराफं करा, जेटीपासून आणि पोरं पोहतात त्या जागेपासून जेवढं लांब नेता येईल तेवढं न्या, पाईप पण लोखंडी नको, एचडीपीईचा (प्लास्टिकचा) घ्या. वायर तीन कोरची, रबरी किंवा मोटारीसोबत येते ती सबमर्सिबलची, बाहेर कुठंही जोड नसलेली सलग, तुमच्या सगळ्यात लांब अंतराएवढी एकदाच विकत घ्या आणि पाणी वर असताना उरलेली काठावर रिळाला गुंडाळून ठेवा, पैसे जास्त जातील पण जोड नको. मोटारीच्या तोंडाशी जो जोड कंपनीच्या वायरला द्यावाच लागतो तो टेपनं नाही, रेझिनच्या किटनं भरून घ्या. पेटी भरल्या पाण्याच्या रेषेच्या वर, तिच्यात 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी आणि दोन्ही तारा तोडणारा आयसोलेटर. ही लाइन घरातल्या इन्व्हर्टरवर घेऊ नका, बॅटरीवर चालताना न्यूट्रल आणि अर्थिंगचं नातं बदलू शकतं आणि मग आरसीसीबी ऐनवेळी काम करेलच असं नाही. आणि घरात सगळ्यांना एकच नियम, मोटार चालू तर पाण्यात कुणी नाही. टाकी सकाळी सहा ते सात भरून घ्या, आयसोलेटर पाडा, त्याला कुलूप लावा, किल्ली तुमच्या खिशात, मग पोरं सोडा पाण्यात.

काम करणारा परवानाधारक पायजे, ठेकेदाराचं लायसन्स बघायला मागा, त्यात लाजायचं काही नाही. आणि त्याला तीन गोष्टी मोजून दाखवायला सांगा. मेगर नावाच्या मीटरनं 500 व्होल्टवर केबलचं इन्सुलेशन, 1 मेगाओहमच्या खाली अजिबात नको, नव्या केबलला तर त्याच्या कितीतरी वर यायला पायजे. अर्थ टेस्टरनं अर्थिंग. आणि लीकेज क्लॅम्प मीटर, हे बघायला तर तुम्ही स्वतः उभे राहा. मोटार चालू करून फेज आणि न्यूट्रल दोन्ही तारा एकत्र त्या क्लॅम्पच्या तोंडात घ्यायच्या, अर्थची तार बाहेर ठेवायची. सगळं ठीक असेल तर गेलेला आणि आलेला एकमेकांना मारतात आणि मीटर शून्याच्या जवळ राहतं. 5-10 मिलीअँपिअर दाखवायला लागलं तर तेवढा करंट कुठंतरी बाहेर चाललाय. साधा क्लॅम्प मीटर चालत नाही बरं का, तो मिलीअँपिअर ओळखतच नाही, लीकेजचा वेगळा येतो. दर वर्षी मार्चमध्ये, पोरं यायच्या आधी, हे एकदा करून घ्या.

आता जे कधी लागू नये ते. पाण्यात कुणालाही झिणझिण्या जाणवल्या तर शिडीकडं, जेटीकडं यायचं नाही, आपली पहिली धाव तिकडंच असते पण करंट तिथंच जास्त असतो. पाय पोटाशी घेऊन मागं फिरायचं, ज्या बाजूनं आलो तिकडंच लांब जायचं, ओरडून सांगायचं आणि लांबून काठाला लागायचं. वर असलेल्यानं आधी मेन पाडायचा, आणि तोपर्यंत पाण्यात उडी मारायची नाही. हे ऐकायला सोपं आहे, पण आपलं लेकरू डोळ्यासमोर खाली जात असताना आई-बाप थांबत नाहीत, आणि अशा घटनांत वाचवायला उडी मारलेली माणसं पण जातात. म्हणून आयसोलेटर असा बसवा की जेटीवरून पाच-सात सेकंदांत पळत जाऊन हात लागेल, आणि त्याच्यावर लाल रंगात मोठं लिहा. पाणी खाली गेलं की जेटीजवळून पेटी लांब पडते, तेव्हा पोहायच्या वेळी एक माणूस पेटीपाशी बसवायचा, पण किल्ली काढलेली असली तर ती पण गरज नाही. जेटीवर लांब कोरडा बांबू आणि दोरी बांधलेली ट्यूब कायम ठेवा. बाहेर काढल्यावर श्वास नसेल तर लगेच तोंडातून पाच श्वास द्यायचे, मग 30 वेळा छाती दाबायची आणि 2 श्वास, असं 108 ची गाडी येईपर्यंत थांबायचं नाही, आणि तुमच्याकडं गाडी यायला किती वेळ लागतो हे तुम्हाला माहीत आहे, म्हणून घरातल्या निदान दोघांनी हे साताऱ्यात कुठंतरी शिकून घ्या, एका दुपारीत होतं. वळवाच्या पावसात गडगडायला लागलं की मात्र करंट असो नसो, सगळ्यांनी जेटी सोडून घरात.

18 हजारांचं म्हणाल तर पॅनल, बॅटरी, कंट्रोलर आणि चार दिवे एवढ्यात बसून जावेत. मोटारीचं काम वेगळं आणि त्याला खर्च जास्त येईल, सलग केबलचेच पैसे बरेच होतील. एकदम जमत नसेल तर या वर्षी फक्त दिवे करा आणि मोटार पुढच्या वर्षी, पाणी टँकरनं आणा किंवा बोअरचं वापरा.

आणि मुलीला एकदा नीट बसवून विचारा की मुंग्या शिडीच्या कुठल्या पायरीला आल्या, दोन्ही हातांना की एका, आणि पाण्यात असतानाच काही जाणवत होतं का शिडी धरल्यावरच. शिडी धरल्यावरच म्हणाली तर वायर फ्रेमला कुठं घासतेय ते शोधा. पाण्यात पण जाणवत होतं म्हणाली तर ती मोटार उघडून बघितल्याशिवाय परत पाण्यात सोडू नका, तिच्या आत पाणी गेलेलं असू शकतं. काय म्हणाली ते मला कळवा, आणि तिला सांगा की तिनं तेव्हा बोलून दाखवलं ते फार चांगलं केलं.